मायक्रोकंट्रोलरच्या सगळ्या पॉवर पिना जोडायच्याच का? शेतपंपाचा बोर्ड, एसटीएम३२

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. एरवी नुसता वाचतो, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय.

आमच्या द्राक्षबागेतल्या बोअरवर पाच एचपीची सबमर्सिबल आहे. तिच्या स्टार्टरला एक कंट्रोलर बोर्ड जोडलाय, मागच्या हंगामात एकाकडून करून घेतलेला. काम साधं. सीटीवरून (करंट ट्रान्सफॉर्मर) मोटरचा करंट बघायचा, पाणी तुटलं की करंट पडतो, तेव्हा मोटर बंद करायची. करून देणाऱ्याने आता तो उद्योगच सोडलाय. ड्रॉइंग मिळालं नाही, प्रोग्रॅमची फाइल तेवढी मिळाली.

त्रास दोन आहेत. मोटर बंद असतानाही करंटचं रीडिंग चाळीसेक काउंट (चिपच्या मोजणीतले आकडे) वरखाली नाचतं, आणि त्यापायी बोअरला पाणी असताना ड्राय रन दाखवून मोटर बंद पडते. दुसरं म्हणजे कॉन्टॅक्टर (स्टार्टरमधला मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) सुटताना अधूनमधून अख्खा बोर्ड रीसेट होतो.

भिंग घेऊन ट्रॅक शोधले. चिप एसटीएम३२एफ१०३सी८टी६, अठ्ठेचाळीस पायांची. डेटाशीटप्रमाणे तिला पॉवरच्या नऊ पिना आहेत: १ नंबर व्हीबॅट, ८ आणि ९ व्हीएसएसए-व्हीडीडीए, मग २३-२४, ३५-३६, ४७-४८ अशा व्हीएसएस-व्हीडीडीच्या तीन जोड्या. (व्हीडीडी म्हणजे ३.३ व्होल्टची पिन, व्हीएसएस म्हणजे ग्राउंड, शेवटी ए असलेल्या अॅनालॉग भागाच्या.) बोर्डावर त्यातल्या ४७-४८ नीट जोडल्यात. ८-९ पण जोडल्यात, पण लांबून फिरवून. बाकी पाच मोकळ्या. १०४चा (०.१ मायक्रोफॅरड) एकच कपॅसिटर दिसतो, तोही पार रेग्युलेटरपाशी.

तरीही बोर्ड चालतो! मग बाकीच्या पिना जोडणं खरंच गरजेचं आहे, की कंपनीने आपल्या जादा दिल्यात?

वाचनमात्र | शनिवार, रात्री ९:३२

मलाही हाच प्रश्न होता. बसलोय.

रोखठोक | शनिवार, रात्री ९:५०

एवढं काही नसतं हो. मी अटमेगा८ वर शंभरावर बोर्ड काढलेत, व्हीसीसी आणि ग्राउंड जोडलं की झालं. एव्हीसीसी (अॅनालॉग भागाची पॉवर) कधी जोडली, कधी नाही. सगळे चालू आहेत. तुमचा प्रॉब्लेम प्रोग्रॅममध्ये असणार. रीडिंगची सरासरी काढा, नाचणं थांबेल.

सॉकेटकाका | शनिवार, रात्री १०:१५

रोखठोकराव, "चालतं" आणि "बरोबर आहे" यात फरक आहे, एवढं बोलून पुढे जातो.

कृष्णाकाठ, आमच्या काळात ८९सी५१ असायची. चाळीस पायांची, चाळिसाव्या पिनेला पाच व्होल्ट आणि विसाव्याला ग्राउंड. म्हणजे दोन्ही पिना अगदी विरुद्ध कोपऱ्यांत! कपॅसिटर कुठेही लावा, एका पिनेपासून लांबच राहायचा. म्हणून आम्ही १०४ सॉकेटच्या पोटात, तिरका, दोन्ही कोपऱ्यांना पोचेल असा लावायचो. पुढे तर कपॅसिटर आत बसवलेली सॉकेटंच मिळायला लागली. ती चिप १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलवर रमतगमत चालायची म्हणून हे सगळं खपून गेलं. तुझी चिप ७२ मेगाहर्ट्झवर पळते.

नंतरच्या चिपांमध्ये बघ. अटमेगा१६ किंवा ३२ घेतली तर १० नंबर व्हीसीसी, ११ ग्राउंड, समोरच्या बाजूला ३० एव्हीसीसी, ३१ ग्राउंड. शेजारीशेजारी आणल्या. तुझ्या चिपमध्येही प्रत्येक व्हीडीडीला शेजारी व्हीएसएस दिलीय. मध्ये कपॅसिटर बसावा म्हणूनच दिलीय ती.

कृष्णाकाठ | शनिवार, रात्री १०:४०

काका, पण एक गंमत झाली. आत्ता पॉवर काढून मल्टिमीटर लावला. २४ आणि ४८ मध्ये बीप येतोय. २३ आणि ४७ मध्येही. म्हणजे मला न दिसणारा ट्रॅक आहे की काय? बोर्ड दोनच थरांचा आहे.

मृण्मयी_इ | शनिवार, रात्री ११:२०

ट्रॅक नाही. तो बीप चिपच्या पोटातून येतोय.

तिन्ही व्हीडीडी पिना आत सिलिकॉनवर एकाच जाळ्याला जोडलेल्या आहेत, व्हीएसएसचंही तसंच. मीटर काहीच ओहम बघतो आणि बीप देतो. पिन मोकळी असली तरी बीप, सोल्डर कच्चं असलं तरी बीप. त्यामुळे पॉवर पिनेचा टाका तपासायचा असेल तर एक प्रोब पिनेच्या वरच्या, चिपकडच्या भागावर आणि दुसरा त्याच पिनेच्या पॅडवर ठेवायचा, आणि बीप न ऐकता आकडा बघायचा. आमच्याकडे नवीन येणारी मुलं इथे हमखास फसतात.

आता मूळ प्रश्न. आत जोडलेल्या आहेत तर बाहेरून का जोडायच्या? कारण आतली जोडणी केसापेक्षा बारीक धातूची आहे. ती प्रत्येक पिनेच्या आसपासचा भाग सांभाळायला आहे, अख्ख्या चिपचा करंट एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात न्यायला नाही. डेटाशीटात वेगवेगळ्या व्हीडीडी पिनांमध्ये जास्तीत जास्त ५० मिलिव्होल्टचा फरक चालेल असं लिहिलंय, आणि व्हीएसएस पिनांनाही तीच मर्यादा. तुमच्या बोर्डावर २४ नंबरच्या बाजूचे पोर्ट जेव्हा एलईडी ओढतात तेव्हा तो फरक किती होतो हे कोणी मोजलेलं नाही. आणि सगळ्या पिना जोडलेल्या असल्या तरी व्हीडीडीतून एकूण १५० मिलिअँपिअरच्या वर जायचं नाही. तुम्ही तीन दारांचं काम एका दारावर टाकलंय.

व्हीडीडीपेक्षा व्हीएसएस मोकळी राहणं वाईट. ग्राउंडच क्षणभर वर उचललं गेलं की चिपला सगळी इनपुट खाली गेल्यासारखी दिसतात. रीसेटची पिनसुद्धा.

व्हीडीडीए आणि व्हीएसएसए वेगळ्या. त्यावर एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) तर चालतोच, पण रीसेटचा भाग, आतले आरसी ऑसिलेटर आणि पीएलएलसुद्धा (चिपचा क्लॉक बनवणारे भाग) त्यावरच आहेत. "मी एडीसी वापरत नाही, व्हीडीडीए सोडून देतो" हे या चिपमध्ये चालतच नाही. एडीसी वापरायचा तर तिथे किमान २.४ व्होल्ट हवेत. आणि ४८ पायांच्या पॅकेजमध्ये व्हीरेफची (एडीसी ज्याच्याशी तुलना करून मोजतो त्या व्होल्टेजची) पिन बाहेर काढलेलीच नाही, ती आत व्हीडीडीएला जोडलीय. म्हणजे व्हीडीडीए हलली की तुमची मोजपट्टीच हलली. सरासरी काढून ते लपेल, जाणार नाही.

दोन गोष्टी सांगा. ८-९ चे लांबून आलेले ट्रॅक वाटेत आणखी कशाकशाला जातात? आणि रीसेटच्या पिनेला, ७ नंबरला, काय जोडलंय?

रोखठोक | रविवार, सकाळी ८:०५

डेटाशीट वाचली तर सगळंच धोकादायक असतं. शेतातल्या बोर्डाला ५० मिलिव्होल्टचं काय घेऊन बसलाय.

झेनर | रविवार, सकाळी ८:४०

रोखठोक, अटमेगाचंच घ्या. ३२८पी मध्ये पोर्ट सी च्या खालच्या चार पिना एव्हीसीसीवर चालतात. एव्हीसीसी न जोडता त्या पिनांवर एलईडी लावलात तर तो करंट आतल्या डायोडमधून चोरवाटेने जातो. डेटाशीट सांगते की एडीसी वापरा वा न वापरा, एव्हीसीसी जोडाच, आणि ती व्हीसीसीच्या ०.३ व्होल्टच्या आत ठेवा. तुमचे शंभर बोर्ड चालतायत, आनंद आहे. पण ते नियमामुळे नाही, चिपच्या सहनशक्तीवर चालतायत.

याहून भारी प्रकार मी एका वर्गात दाखवतो. ३२८पी ची व्हीसीसीची वायरच काढून टाकायची. एका डिजिटल पिनेला दुसऱ्या बोर्डावरून पाच व्होल्टचा सिग्नल येत असेल तर एलईडी तशीच लुकलुकत राहते! पिनेवरच्या संरक्षक डायोडमधून व्होल्टेज आत व्हीसीसीच्या रेषेत जातं, अर्धा-पाऊण व्होल्ट कमी होऊन. चिपला वाटतं पॉवर आली. "चालतो म्हणजे जोडलाय" या समजाला याहून चांगला उतारा माझ्याकडे नाही.

कृष्णाकाठ, आता हिशेब. ट्रॅकला ढोबळमानाने दर मिलिमीटरला एक नॅनोहेन्रीच्या आसपास इंडक्टन्स असतो. कपॅसिटर पिनेपासून २० मिलिमीटर लांब असेल तर २० नॅनोहेन्री धरा. चिपने एका नॅनोसेकंदात २५ मिलिअँपिअरची उडी मारली तर त्या ट्रॅकवर अर्धा व्होल्ट पडतो. ३.३ मधला अर्धा! क्षणभरच, पण चिपचं सगळं आयुष्य अशा क्षणांचंच असतं. रेग्युलेटरला हे कळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असतं.

तुमच्या भाषेत सांगायचं तर कालव्याचं आवर्तन लांबून येतंय आणि पिकाला पाणी आत्ता हवंय. १०४ म्हणजे बांधालगतचं शेततळं.

कृष्णाकाठ | रविवार, सकाळी ११:३०

शेततळं आवडलं :)

ताई, तुम्ही विचारलेलं बघितलं. पॅनलच्या दारावर चार आकडी सेव्हन सेगमेंट डिस्प्ले आहे. त्याला जाणारा ३.३ आणि ग्राउंड ज्या ट्रॅकवरून निघतो त्याच ट्रॅकच्या शेवटी ८-९ आहेत. ट्रॅक बारीकच आहे, ०.३ मिलिमीटरच्या आसपास, लांबी साठेक मिलिमीटर. आणि ७ नंबरवरून एक फूटभर वायर दारावरच्या रीसेटच्या बटणाला गेलीय, कॉन्टॅक्टरच्या शेजारून, बाकी केबलींबरोबर टाय मारून. कपॅसिटर कुठेच नाही.

मृण्मयी_इ | रविवार, दुपारी १२:१०

फूटभर वायर, कॉन्टॅक्टरच्या शेजारून, रीसेटवर. अँटेनाच लावलीय की.

झेनर | रविवार, दुपारी १२:३०

हिशेब पुढे नेतो. ३५ मायक्रॉन तांब्याच्या ट्रॅकचा जेवढी रुंदी तेवढ्या लांबीचा चौकोन साधारण अर्धा मिलिओहम. ६० बाय ०.३ म्हणजे २०० चौकोन, १०० मिलिओहम. डिस्प्ले ६० मिलिअँपिअर घेत असेल तर ट्रॅकवर ६ मिलिव्होल्ट. बारा बिटांच्या एडीसीत ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग, म्हणजे एक काउंट ०.८ मिलिव्होल्ट. ग्राउंडच्या ट्रॅकचे सातेक काउंट, व्हीडीडीएच्या ट्रॅकचे तीनचार. नुसत्या रेझिस्टन्सचे दहाबारा झाले. चाळीस यातून निघत नाहीत. उरलेले डिस्प्लेचे आकडे आळीपाळीने पेटतात-विझतात तेव्हाच्या झटक्यांचे असणार, कारण ८-९ पाशी ते पचवायला कपॅसिटरच नाही.

खात्री करायची तर सोपं आहे. प्रोग्रॅममध्ये डिस्प्ले पूर्ण विझवा आणि रीडिंग सिरियलवर बघा.

फायनल_इयर | रविवार, दुपारी ३:२०

मध्येच विचारतो, माफ करा. आम्ही प्रोजेक्टला एसटीएम३२ मधलीच एफ४११ ची चिप घेतोय. तिच्यावर व्हीकॅप नावाची पिन आहे. ती पण ३.३ ला जोडायची ना? धाग्याचं नावच "सगळ्या पिना जोडा" आहे.

मृण्मयी_इ | रविवार, दुपारी ३:४५

नाही! थांब!

व्हीकॅप म्हणजे आतल्या रेग्युलेटरचं आउटपुट. चिप ३.३ वरून स्वतःच्या गाभ्यासाठी १.२ व्होल्टच्या आसपास तयार करते, आणि त्या रेग्युलेटरला लागणारा कपॅसिटर आत मावत नाही म्हणून पिन बाहेर काढलीय. तिथे फक्त सिरॅमिक कपॅसिटर ग्राउंडला. तुझ्या ४८ पायांच्या एफ४११ ला एक व्हीकॅप, ४.७ मायक्रोफॅरड. एफ४०७ ला दोन असतात, प्रत्येकी २.२. तिथे ३.३ दिलंस तर गाभ्याला जवळपास तिप्पट व्होल्टेज जाईल आणि चिप गेलीच.

आरपी२०४० (रास्पबेरी पायची चिप) घेतली असतीस तर आणखी वेगळं. तिच्यात आतल्या रेग्युलेटरचा १.१ व्होल्ट एका पिनेतून बाहेर येतो आणि तोच आपण ट्रॅकने डीव्हीडीडीच्या (गाभ्याच्या पॉवरच्या) दोन पिनांना पुन्हा आत द्यायचा असतो. शिवाय तिला ग्राउंडची साधी पिनच नाही, पोटाखालचा चौकोनी पॅड हेच ग्राउंड. हाताने सोल्डर करणारे कडेच्या छप्पन्न पिना सुरेख लावतात आणि ग्राउंड विसरतात.

पिनेच्या नावात व्ही दिसला म्हणून जोडू नका. डेटाशीटात "पॉवर सप्लाय स्कीम" नावाचं एका पानाचं चित्र असतं, ते बघून जोडा.

फायनल_इयर | रविवार, दुपारी ३:५२

वाचवलंत ताई. उद्याच बोर्ड ऑर्डर करणार होतो.

कृष्णाकाठ | रविवार, रात्री ८:१५

डिस्प्ले विझवून बघितला. नाचणं चाळिसावरून दहाबारावर आलं.

झेनर, तुमचा डिस्प्लेवरचा संशय खरा निघाला. आता नवीन बोर्ड करायचा की याच्यावरच काही करता येईल? खरड छाटणी तोंडावर आलीय, पंप बंद ठेवता येत नाही.

सॉकेटकाका | रविवार, रात्री ९:००

याच्यावरच कर. गावात मोटर वाइंडिंगवाला असेलच. त्याच्याकडून सगळ्यात बारीक तार हातभर घे, एनॅमलवाली. टोकाचं एनॅमल ब्लेडने खरवडायचं, त्यावर आधी सोल्डर चढवून घ्यायचं, मगच पिनेला लावायचं. खरवडलं नाहीस तर टाका चकचकीत दिसेल आणि आत काहीच जोडलेलं नसेल.

कपॅसिटर अख्खे चिपच्या पिनांवरच चढवायचे. पिनांचं अंतर अर्धा मिलिमीटर. ०४०२ साइज मिळाला तर शेजारच्या दोन पिनांवर बरोबर आडवा बसतो. ०६०३ जरा मोठा पडतो पण थोडा तिरका ठेवून जमतो. २३-२४, ३५-३६ आणि ४७-४८ या तिन्ही जोड्या चिपच्या तीन कोपऱ्यांत आहेत, त्यामुळे एका बाजूने मोकळी जागा मिळते, हात बसतो. ८-९ मात्र मधोमध आहेत, तिथे शेजारी एक बाजूला ७ नंबर रीसेट आणि दुसरीकडे १० नंबर. ब्रिज झाला तर फ्लक्स टाकून, टिप पुसून, पिनेच्या दिशेने ओढ. सोल्डर स्वतःच मागे येतं.

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला ०४०२ ची पट्टी सहज मिळते. सांगलीकडे कुरिअरने मागव.

मृण्मयी_इ | रविवार, रात्री ९:४०

काकांच्या कृतीवर किमती सांगते. प्रत्येक व्हीडीडी-व्हीएसएस जोडीवर १०४. त्याशिवाय ४८ नंबरपाशी एक ४.७ मायक्रोफॅरड, म्हणजे ४७५. व्हीडीडीए-व्हीएसएसए वर दोन: १०३ आणि १०५. ४७५ घेताना सगळ्यात छोटा, कमी व्होल्टचा घेऊ नका. सिरॅमिकवर डीसी व्होल्टेज आलं की त्याची किंमत घसरते, छोट्या साइजमध्ये फारच. ०८०५, १६ व्होल्ट, एक्स७आर घ्या आणि विसरा.

मोकळ्या व्हीडीडी पिनांना तार रेग्युलेटरच्या आउटपुटवरून द्या, शक्य तितकी आखूड. व्हीएसएसची तार त्याहून आखूड. ८-९ चा जुना ट्रॅक चिपपाशी ब्लेडने तोडा आणि त्यांनाही रेग्युलेटरपासून स्वतंत्र तार द्या. डिस्प्ले त्याच्या ट्रॅकवर राहू दे. १ नंबर व्हीबॅट तुम्ही घड्याळासाठी सेल वापरत नसाल तर सरळ व्हीडीडीला.

७ नंबरला १०४ ग्राउंडला, अगदी पिनेपाशी. त्या पिनेला आत पुलअप (पिन वर ओढून ठेवणारा रेझिस्टर) आहे, बाहेर रेझिस्टरची गरज नाही. आणि ती फूटभर वायर काढून टाका. शेतातल्या पॅनलला दारावर रीसेटचं बटण कशाला हवं?

रेग्युलेटर एएमएस१११७ असेल तर सावध. त्याचा वरचा मोठा टॅब हे आउटपुट असतं. ७८०५ मध्ये तो ग्राउंड असतो. ७८०५ च्या सवयीने तार टॅबला ग्राउंड समजून लावली तर ३.३ शॉर्ट.

झेनर | रविवार, रात्री १०:०५

व्हीडीडीएला मध्ये फेराइट बीड (नॉइज अडवणारा मणी) टाकायचा का? अटमेगाला तर १० मायक्रोहेन्रीचा कॉइल आणि १०० नॅनोफॅरड असा फिल्टर त्यांच्याच डेटाशीटात आहे.

मृण्मयी_इ | रविवार, रात्री १०:२०

चिप बनवणाऱ्या एसटी कंपनीच्या चित्रात सरळ जोडणी आहे. एडीसीवरून सीटीचा ५० हर्ट्झचा करंट मोजायचाय, बीडने त्यात विशेष फरक पडणार नाही. त्यांनी हाताने तारा लावायच्यात, आणखी एक वस्तू लोंबकळत ठेवायला नको.

झेनर | रविवार, रात्री १०:२६

मान्य. माझ्या बोर्डावर मी टाकतोच, पण ती सवय आहे.

रोखठोक | सोमवार, सकाळी ७:५०

रीसेटचं कारण पॉवर आहे की ती वायर, हे कसं कळणार? सगळं एकदम बदललं तर कशाने बरं झालं ते कळत नाही.

मृण्मयी_इ | सोमवार, सकाळी ९:१५

हा प्रश्न अगदी योग्य विचारलात.

चिपमध्येच नोंद असते. आरसीसी_सीएसआर रजिस्टरमध्ये शेवटचा रीसेट कशाने झाला त्याचे झेंडे असतात: पॉवर, वॉचडॉग, सॉफ्टवेअर, पिन. प्रोग्रॅम सुरू होताच ते वाचून डिस्प्लेवर दाखवा आणि मग पुसा. एक खोच आहे. पिनेचा झेंडा प्रत्येक रीसेटला लागतो, कारण चिप स्वतः रीसेट होताना ती पिन आतून खाली ओढते. म्हणून पिनेचा झेंडा एकटाच लागला असेल, दुसरा कुठलाच नसेल, तरच बाहेरून रीसेट आला असं धरायचं. पीओआरआरएसटीएफ (पॉवरचा झेंडा) लागला असेल तर व्होल्टेज बसलं.

कृष्णाकाठ, तारा लावायच्या आधी हे करून बघा. एक विनंती, प्रोग्रॅमरने कोड टाकताना बोर्डाची स्वतःची पॉवर आणि प्रोग्रॅमरची ३.३ ची वायर एकाच वेळी लावू नका. मूळ एसटी-लिंक प्रोग्रॅमरवर ती पिन समोरचं व्होल्टेज नुसतं बघायला असते, पण बाजारातल्या पेनड्राइव्हसारख्या स्वस्त डोंगलवर ती ३.३ व्होल्ट बाहेर देते. दोन सप्लाय एकमेकांवर चढतात. बोर्डाला पॅनलमधून पॉवर असेल तर प्रोग्रॅमरच्या फक्त ग्राउंड, डेटा आणि क्लॉक या वायरी लावा.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री १०:५०

झेंडे वाचले. कॉन्टॅक्टर सुटताना झालेल्या बहुतेक रीसेटला पिनेचा झेंडा एकटाच. एखाददुसऱ्या वेळी पॉवरचापण.

सॉकेटकाका | बुधवार, रात्री ११:०५

म्हणजे मुख्य चोर ती वायर, साथीदार कॉन्टॅक्टरची कॉइल. कॉइल किती व्होल्टची? शेतीच्या स्टार्टरना बहुधा दोन फेजमध्ये लावलेली ४१५ ची असते.

कृष्णाकाठ | बुधवार, रात्री ११:१०

हो, ४१५. बोर्डावरचा १२ व्होल्टचा रिले तिला चालू-बंद करतो. रिलेच्या कॉइलला डायोड आहे, तो बघितला.

झेनर | गुरुवार, सकाळी ८:३०

डायोड फक्त छोट्या रिलेचा धक्का खातो. मोठ्या कॉइलची ठिणगी रिलेच्या कॉन्टॅक्टमध्ये पडते, तिथून सगळा गोंधळ. कॉन्टॅक्टरच्या ए१-ए२ वर (कॉइलच्या दोन टोकांवर) आरसी सप्रेसर लावा, म्हणजे ठिणगी दाबणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी. नेटवर जिकडेतिकडे १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड एक्स२ (मेन्सवर लावायचा कपॅसिटर) असं मिळेल. तो बाजारातला २७५ व्होल्टचा एक्स२ तुमच्या ४१५ ला चालणार नाही, फुटेल. कॉन्टॅक्टरवर चढवायचे तयार सप्रेसर मिळतात, त्यावर कॉइलचं व्होल्टेज छापलेलं असतं. ४१५ बसेल असा बघून घ्या.

आणि लावताना फ्यूज काढून खिशात घाला. थ्री फेज कधी येईल याचा भरवसा नाही, आणि ऑटोवर असेल तर मोटर विचारून सुरू होत नाही.

कृष्णाकाठ | पुढचा मंगळवार, रात्री ९:२०

अपडेट.

रोखठोक म्हणाले तसं एकेक करत गेलो. आधी दारावरची वायर काढली आणि ७ नंबरला १०४ लावला. नुसत्या पिनेच्या झेंड्याचे रीसेट बंद. पॉवरचा झेंडा मात्र एकदा दिसला.

मग २३-२४ आणि ३५-३६. वाइंडिंगवाल्याने तार फुकट दिली. ०४०२ चे कपॅसिटर चिमट्यातून उडतात हो, दोनतीन तर सतरंजीत गेले ते गेलेच. पण भिंगाखाली २३-२४ वर बसला तेव्हा दोन्ही पिनांच्या खांद्यावर असा नेमका टेकला, की पिना शेजारी का दिल्यात ते काकांनी सांगितलेलं डोळ्यांनी दिसलं. त्यानंतर सप्रेसर. आता कॉन्टॅक्टर कितीही आपटला तरी रीसेट नाही.

शेवटी ८-९. ट्रॅक तोडला, स्वतंत्र तारा दिल्या, १०३ आणि १०५ लावले. डिस्प्ले चालू असताना रीडिंग तीनचार काउंटच्या आत आहे. ड्राय रनची सेटिंग पुन्हा मूळ आकड्यावर आणली. परवा रात्री बोअरने खरंच पाणी सोडलं, तेव्हा मोटर बरोबर बंद झाली.

बोर्डावर सगळीकडे तारा आहेत, दिसायला भयाण आहे. वरून कन्फॉर्मल कोटिंग (संरक्षक लेप) मारू का? पॅनलमध्ये पाली आणि मुंग्या असतात.

मृण्मयी_इ | मंगळवार, रात्री ९:४५

झकास! कोटिंग मारा, पण आधी फ्लक्स आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुऊन पूर्ण वाळवा, नाहीतर तो आत कोंडून पिनांमध्ये गळती करतो. कनेक्टर आणि रिले टेप लावून झाका. उघड्या रिलेत कोटिंग गेलं तर कॉन्टॅक्ट चिकटतील. तारा गरम गोंदाने बोर्डाला बसवा, कॉन्टॅक्टर प्रत्येक वेळी पॅनल हादरवतो.

रोखठोक | मंगळवार, रात्री १०:१०

अभिनंदन. आमच्या अटमेगाचं एक विचारून ठेवतो. एव्हीसीसी यापुढे जोडेन म्हणा. पण एरेफ (एडीसीच्या रेफरन्सची पिन) पण पाच व्होल्टला बांधायची का? पूर्वी एकाने तसं सांगितलं होतं.

झेनर | मंगळवार, रात्री १०:२५

नाही. एरेफला फक्त १०४ ग्राउंडला. बाहेरून व्होल्टेज बांधलंत आणि प्रोग्रॅममध्ये आतला २.५६ किंवा एव्हीसीसीचा रेफरन्स निवडलात तर दोन सप्लाय त्या पिनेवर शॉर्ट होतात. एरेफला बाहेरून काही द्यायचंच असेल तर प्रोग्रॅममध्ये बाहेरचाच रेफरन्स निवडा, तोही पिनेवर व्होल्टेज यायच्या आधी.